आधी चकती चाखा, मग रस काढा

गेल्या अंकात कच्च्या भाज्यांच्या रसाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. एका निसर्गोपचार केंद्राच्या स्वयंपाकघरात मी सोळा वर्षं काम केलं. रोज पहाटे साडेपाचला चाळीस माणसांचे रस आणि अकरा वाजता कच्चं सूप हे माझ्याकडे असे. त्यामुळे या पत्रांना उत्तर देताना पुस्तक उघडावं लागत नाही, हाताला आठवतं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, पण एक पत्र असं आहे की त्याचं उत्तर आधी द्यायलाच हवं.

काकू, आमचे हे दोन वर्षांपासून रोज सकाळी दुधीचा रस घेतात. मागच्या आठवड्यात रस जरा कडवट लागला. मी म्हटलं टाकून देऊ, तर म्हणाले, "कडू तेच औषध." मग मध आणि लिंबू घालून प्यायले. काही झालं नाही. पण माझ्या मनातून जात नाही. मी उगाच घाबरते का?
– सौ. म. कु., सोलापूर

ताई, तुम्ही अजिबात उगाच घाबरत नाही. टाकून देऊ म्हणालात ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि पुढच्या वेळी म्हणू नका, सरळ मोरीत ओता.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा, कलिंगड ही सगळी एकाच कुळातली. या कुळाच्या रानटी वेलींत कुकरबिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्यं असतात. कीटकांनी आणि जनावरांनी खाऊ नये म्हणून वेलाने केलेली ती सोय आहे. माणसाने पिढ्यान् पिढ्या गोड फळांचं बी राखलं, म्हणून आपल्या बाजारातला दुधी गोड. पण ऊन फार तापलं, पाणी कमी पडलं, फळ वेलावर जून झालं किंवा बियाण्यात रानटी वेलाचा संकर झाला, तर तो जुना कडूपणा परत डोकं वर काढतो. बाहेरून काहीही कळत नाही. तोच पोपटी रंग, तीच लव, नख लावलं तर तितकाच कोवळा.

असा रस पोटात गेला की थोड्याच वेळात मळमळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. जास्त गेला तर उलटीतून रक्त पडतं, रक्तदाब घसरतो. दिल्लीत २०१० साली एका शास्त्रज्ञांनी दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घेतला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिचा अहवाल २०१२ साली छापून आला. समितीने सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी टाका. दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. आणि प्यायल्यावर अस्वस्थ वाटलं तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, दवाखान्यात न्या. या विषावर वेगळा असा उतारा नाही. सलाईन लावून माणसाला सावरावं लागतं, आणि तेही वेळेत.

दुसरा रस का मिसळायचा नाही, हे मला फार जवळून कळलं आहे. उन्हाळ्याचे दिवस होते. केंद्रात त्या दिवशी अकरा दुधी आले होते. आमची पद्धत अशी की सगळे दुधी सोलून, किसून, एकाच मोठ्या पातेल्यात घ्यायचे, वर पुदिना, आलं, आवळा आणि लिंबू. किसताना मी एकाही दुधीची चकती तोंडात घातली नव्हती. अकरातला एक कडू निघाला असणार. आवळा-लिंबाच्या आंबट-तुरटपणात तो पार लपून गेला. साडेसहाला रस वाटला आणि सातच्या आत तीन जण आडवे झाले. त्यातल्या एका साठीच्या गृहस्थांना चार दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. ते बरे होऊन घरी गेले. जाताना मलाच म्हणाले, "बाई, मला घोट कडवट लागला होता हो, पण वाटलं गुणकारी असेल." ते वाक्य मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओट्यावर एक नियम सुरू झाला: प्रत्येक दुधीच्या दोन चकत्या, एक देठाकडची, एक बुडाकडची. पातळ कापायची, जिभेच्या टोकावर ठेवायची, चावायची आणि थुंकायची. दोन्ही टोकांची एवढ्यासाठी, की एकाच फळात कडूपणा सगळीकडे सारखा नसतो. माझ्या हाताखालच्या मुली सुरुवातीला कंटाळायच्या. अकरा दुधींच्या बावीस चकत्या म्हणजे पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं मी कधीच सोडली नाहीत.

चाखणाऱ्याला सर्दी झालेली असेल, किंवा वयामुळे चव कमी झाली असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला चाखायला लावा. आणि कडू दुधी रसातून वाचवून भाजीत घालायचा विचारही करू नका. शिजवून हा कडूपणा जात नाही.

तुमच्या यजमानांना एक गोष्ट माझ्या नावाने सांगा. कारल्याचा कडूपणा हा कारल्याचाच आहे, तो असायलाच हवा. दुधीचा कडूपणा म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. कडूनिंब कडू, काढा कडू, म्हणून प्रत्येक कडू गोष्ट औषध होत नाही. आणि रोजचाच हट्ट असेल तर दुधीची डाळ घालून भाजी करा. घासाघासाला चव कळते, आणि कडू असेल तर पहिल्याच घासाला हात थांबतो. घटाघटा प्यायलेल्या पेल्याला थांबायला वेळ मिळत नाही.

तुम्ही 'कच्चं सूप' म्हणता ते नेमकं काय? सूप म्हणजे उकळायचंच ना? आणि मुलं खातील असं काही सांगा.
– श्रीमती अ. जो., ठाणे

सूप न उकळताही होतं, आणि तुमच्या घरात ते कदाचित आधीपासून आहे. सोलकढी काय आहे? ओलं खोबरं वाटायचं, पिळायचं, त्या कच्च्या दुधात कोकमाचं आगळ, लसूण-मिरचीचं वाटण, मीठ, वरून कोथिंबीर. त्यात विस्तवाचा कुठे संबंधच नाही. खाली कर्नाटकच्या किनाऱ्यावर तंबळी करतात, पानं आणि खोबरं वाटून ताकात कालवायची. स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसियात उन्हाळाभर गास्पाचो पितात: पिकलेले टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, भिजवलेला शिळा पाव, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर, सगळं कच्चंच वाटून गार केलेलं. शिळा पाव दाटपणासाठी. आपण त्या जागी शेंगदाणे किंवा खोबरं वापरू.

रस आणि कच्चं सूप यांत मी सूपाच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. रसात आपण चोथा टाकून देतो, म्हणजे पोट साफ ठेवणारा आणि साखर हळूहळू रक्तात सोडणारा भाग बाहेर जातो. सूपात सगळी भाजी पोटात जाते. चमच्याने खाल्लं जातं, म्हणून वेळ लागतो आणि पोट भरल्याचं कळतं.

केंद्रात सगळ्यात जास्त मागितलं जाणारं सूप टोमॅटो-काकडीचं होतं. चार माणसांसाठी चार मध्यम, चांगले लालभडक आणि बोटाला मऊ लागणारे टोमॅटो घ्या. टोमॅटो कच्चट असेल तर सूपाचा जीवच जातो, मग त्या दिवशी दुसरं काही करा. एक मोठी काकडी, दोन्ही टोकं चाखून. अर्धं गाजर. दोन मोठे चमचे शेंगदाणे चार तास भिजवून, किंवा अर्धी वाटी ओलं खोबरं. बोटाच्या पेराएवढं आलं, आठ-दहा पुदिन्याची पानं, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि अर्ध्या लिंबाचा रस.

चुकायची जागा एकच, आणि ती क्रमाची. सगळं एकदम मिक्सरच्या भांड्यात कोंबलं तर टोमॅटो-काकडी फेसाळते आणि शेंगदाणे मात्र अख्खेच्या अख्खे फिरत राहतात. म्हणून आधी शेंगदाणे आणि आलं, पाव वाटी पाणी घालून अगदी गंधासारखं वाटा. बोटात घेऊन चोळून बघा, रवाळ लागता कामा नये. मग गाजर किसून घाला आणि फिरवा. मग टोमॅटो. काकडी सगळ्यात शेवटी, आणि तीही थांबून-थांबून चार वेळा फिरवायची, जास्त नाही. पुदिना हाताने तोडून वरून. भांड्याचं झाकण उघडलं की वर गुलाबी फेस दिसेल. तो पाच मिनिटं बसू द्या, मग ढवळा. कांदा मिक्सरला लावू नका, वाटलेला कच्चा कांदा उग्र आणि कडवट होतो. हवा असेल तर बारीक चिरून वाटीत वरून घाला.

शेंगदाणे नुसते दाटपणासाठी नाहीत. गाजर-टोमॅटोतला लाल-केशरी रंग शरीरात शोषला जायला थोडा स्निग्ध पदार्थ सोबत लागतो. नुसत्या गाजराच्या रसात तो नसतो. आणि हेही खरं की टोमॅटोचा लाल रंग, म्हणजे लायकोपीन, शिजवलेल्या टोमॅटोतून शरीराला जास्त मिळतो. क जीवनसत्त्व मात्र कच्च्यात टिकतं. म्हणून घरात टोमॅटोचं सार पण होऊ दे आणि हे सूप पण होऊ दे, एकाने दुसऱ्याला हाकलायचं कारण नाही.

मुलांचं म्हणाल तर ती 'कच्चं' हा शब्द ऐकूनच तोंड फिरवतात. तो शब्द काढूच नका. छोट्या वाटीत द्या, वर चार डाळिंबाचे दाणे किंवा थोडी बारीक शेव टाका. थंडीच्या दिवसांत गार सूप नको वाटतं. तेव्हा सूपाचं पातेलं गरम पाण्याच्या परातीत पाच मिनिटं ठेवा आणि ढवळत राहा. बोट घातलं तर सुखाचं कोमट लागलं पाहिजे. तेवढं पुरे.

आणि काय कच्चं घालायचं नाही, तेही ऐका. अळू आणि सुरण नाही, त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा खवखवतो. बटाटा नाही, हिरवट बटाटा तर शिजवूनही नाही. राजमा, फरसबी, वाल नाहीत. वांगं आणि मश्रूमही मी कच्चं वापरत नाही.

माझ्याकडे साधा मिक्सर आहे. दुकानदार म्हणतो, मिक्सरने रसातले सगळे सत्त्व जळते, 'कोल्ड प्रेस'च घ्या. किंमत ऐकून परत आले. घेऊ का?
– सौ. वि. पा., लातूर

नका घेऊ. मिनिटभर फिरणाऱ्या मिक्सरने भाजी जळत बिळत नाही. हात लावून बघा, भांडं फार तर किंचित कोमट होतं. क जीवनसत्त्वाचा खरा वैरी हवा आहे. वाटलेली, चिरलेली भाजी जितका वेळ उघडी राहील तितकं ते कमी होत जातं, मग यंत्र कुठलंही असो. 'कोल्ड प्रेस'सारख्या हळू फिरणाऱ्या यंत्रात फेस कमी होतो आणि चोथा जास्त कोरडा निघतो, एवढा फरक खरा. रोज दहा माणसांचा रस काढायचा असेल तर त्याचा उपयोग आहे.

घरच्या दोघांसाठी किसणी आणि पंचा बास. गाजर किंवा बीट बारीक किसणीने किसा, चिमूटभर मीठ लावून पाच मिनिटं ठेवा, मीठ पाणी ओढून काढतं. मग मऊ धुवट पंच्यात घेऊन, पुरचुंडी बांधून, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पीळ देत जा. शेवटचे चार थेंब सगळ्यात दाट असतात, तेवढ्यासाठी अर्धा मिनिट जास्त पिळायचं. पाव किलो गाजराला अर्धी-पाऊण वाटी रस येतो, त्याहून जास्तीची अपेक्षा नको. काकडीला रस भरपूर सुटतो, तिच्यात ९५ टक्के पाणीच आहे.

पंच्याकडे मात्र लक्ष द्या. नुसता खंगाळून ओट्याच्या दांडीवर टाकला तर दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो आणि तो वास रसात उतरतो. पिळून झालं की लगेच धुवायचा, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा मी पंचा बंदच ठेवते आणि सूपच करते. बिटाचा पंचा वेगळा ठेवा, तो रंग कधीच जात नाही.

१. रोज गाजराचा रस घेते, तळहात पिवळे दिसायला लागलेत. कावीळ तर नाही? २. बिटाच्या रसानंतर लघवी लालसर झाली, फार घाबरलो.
– एक वाचक, जळगाव. एक वाचक, मिरज

तुम्हा दोघांना एकत्रच सांगते. गाजरातला केशरी रंग जास्त झाला की तो तळहात-तळपायांच्या कातडीत साठतो. आरशात डोळ्यांचे पांढरे बघा. ते पांढरेशुभ्र असतील तर कावीळ नाही, गाजर कमी करा, काही आठवड्यांत रंग उतरेल. डोळेही पिवळे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बिटाचा रंग काही जणांच्या लघवीत उतरतो, त्यात अपाय नाही. पण दोन दिवस बीट बंद करूनही लाली राहिली, तर ती बिटाची नाही असं समजून तपासून घ्या.

वजन कमी करायला सात दिवस फक्त रसावर राहायचा विचार आहे. 'शरीर आतून धुऊन निघतं' असं मैत्रिणीने पाठवलं आहे. तुम्ही केंद्रात होतात म्हणून तुम्हालाच विचारते.
– कु. स. दे., पुणे

केंद्रात होते म्हणूनच सांगते, घरी एकटीने करू नकोस.

गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, आणि आपल्या भागातली कितीतरी केंद्रं त्याच वळणाची आहेत. तिथे रसाहार देतात हे खरं. पण रसाहार घेणारा माणूस तिथे काय करतो ते मैत्रिणीने पाठवलेलं नसणार. तो दुपारी झोपतो. त्याचा रक्तदाब बघितला जातो, साखर बघितली जाते, चक्कर आली तर हाताशी माणूस असतो, आणि डॉक्टर नको म्हणाले तर त्याच्या ताटात त्याच दिवशी मुगाची खिचडी येते. तू ऑफिसला जाणार, स्कूटर चालवणार, रात्री लॅपटॉप घेऊन बसणार. त्यात सात दिवस नुसता रस म्हणजे प्रथिनं जवळजवळ शून्य. पहिल्या तीन दिवसांत काटा उतरतो तो पाण्याचा असतो, आणि पोळीभाजी सुरू झाली की परत चढतो. शरीर धुवायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतात, त्यांना वेगळी सुट्टी किंवा साबण लागत नाही.

माझ्या डोळ्यांसमोर घरी दहा दिवस रसावर राहून केस गळायला लागलेल्या, चिडचिड्या झालेल्या मुली केंद्रात आलेल्या आहेत. त्यांना आधी आठवडाभर वरण-भात-तूप द्यावं लागलं. तुला काही करायचंच असेल तर रात्रीच्या जेवणाआधी मोठी वाटीभर कच्चं सूप खा, मग भाकरी आणि उसळ. भाकरी आपोआप एक कमी लागते. हे महिनोन् महिने चालू शकतं.

मुतखडा होऊन गेला आहे. वडिलांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. घरात सगळ्यांसाठी पालकाचा रस करतो. चालेल ना?
– श्री. रा. ठा., नागपूर

दादा, तुम्हा दोघांनाही हा रस नको, आणि दोघांची कारणं वेगळी आहेत.

पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. भाजी म्हणून दोन पोळ्यांबरोबर वाटीभर पालक खाणं वेगळं आणि दोन जुड्या पिळून एका पेल्यात पिणं वेगळं. कच्च्या रसात एका दमात इतका पालक जातो, जितका माणूस चावून कधीच खाणार नाही. चुका, राजगिऱ्याचा पाला, बीट यांचंही तसंच. पालक उकळून पाणी ओतून टाकलं तर ऑक्झलेटचा बराच भाग पाण्याबरोबर जातो, आणि दह्याबरोबर खाल्लं तर उरलेला पोटातच कॅल्शियमला बांधला जातो. आपल्या आज्या पालकाची ताकातली पातळ भाजी करायच्या, ती मला या कारणानेही आवडते.

वडिलांची गोळी वॉरफरिन किंवा त्याच जातीची असेल, तर हिरव्या पानांतलं के जीवनसत्त्व तिच्या नेमकं उलट काम करतं. पालेभाजी त्यांनी बंद करायची नाही, रोज साधारण सारखीच ठेवायची. एक दिवस पेलाभर रस आणि चार दिवस काही नाही, असं झालं की रक्ततपासणीचे आकडे वर-खाली होतात. गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांना विचारा.

ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे त्यांनी टोमॅटो, पालक, नारळपाणी यांतल्या पोटॅशियममुळे कुठलाही रस विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी कारल्याचा रस परस्पर सुरू करू नये. दोन्ही साखर उतरवतात. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं असं झालं तर साखर पडली आहे, तिथेच काहीतरी गोड तोंडात टाका.

कोबीतली अळी मेंदूत जाते म्हणून आमच्याकडे कच्ची कोबी बंद आहे. सासूबाई म्हणतात मिठाच्या पाण्यात ठेवली की झालं. कुणाचं खरं?
– सौ. प्रि. म., डोंबिवली

थोडं थोडं दोघांचं, आणि खरी गोष्ट तिसरीच आहे.

कोबीत हिरवी वळवळणारी अळी दिसते ती पतंगाची. ती चुकून खाल्ली तरी मेंदूत जात नाही. मेंदूत जातो तो पट्टकृमी, आणि त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाच्या मैल्यातून ती माती-पाण्यात जातात आणि तिथून भाजीला चिकटतात. म्हणजे दोष कोबीचा नाही. नाल्याच्या पाण्यावर किंवा सांडपाण्यावर पिकलेली कुठलीही भाजी, पालक, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, सारखीच धोक्याची. मुंबईच्या लोकलमधून जाताना रुळांकडेला हिरवेगार वाफे तुम्हीही बघितले असतील. पाणी कुठलं आहे हे गाडीतूनही वासाने कळतं.

मिठाच्या पाण्यात अळ्या-किडे बाहेर येतात, हे सासूबाईंचं बरोबर. पण मिठाने अंडी मरत नाहीत. ती शिजवल्याने मरतात. कच्चं खायचं असेल तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं हाच आधार. पालेभाजीची जुडी तशीच बुचकळू नका. मुळं कापा, एकेक पान सुटं करा, पानाच्या मागची बाजू अंगठ्याने चोळा, देठाच्या खोबणीत माती बसते ती काढा. कोबीचे वरचे दोन-तीन पापुद्रे टाका आणि उरलेले सुटे करून धुवा. मुळा-गाजराला भांड्याचा वेगळा ब्रश ठेवा.

माझा स्वतःचा नियम विचाराल, तर कच्च्या रसात आणि सूपात मी सोलता येणाऱ्या भाज्या घेते: काकडी, गाजर, बीट, दुधी, मुळा. पालेभाजी ओळखीच्या शेतकऱ्याकडची असेल तरच कच्ची, नाहीतर वाफवून. गरोदर बाई घरात असेल तर तिला कच्चा पाला आणि कच्ची मोडं दोन्ही नकोत.

सकाळी रस करून बाटलीतून ऑफिसला नेला तर चालतो का?
– श्री. के. भ., नाशिक

सकाळी सातचा रस दुपारी एकला नको. चव उतरते, रंग काळपट होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटलीत जंतू वाढायला सहा तास भरपूर झाले. फ्रिज असेल तर स्टीलची किंवा काचेची बाटली गळ्यापर्यंत भरा, वर हवा राहू देऊ नका, लिंबू पिळा आणि दोन-तीन तासांत संपवा. नाहीतर डब्यात अख्खी काकडी, गाजर आणि छोटा चाकू न्या. ते संध्याकाळपर्यंत बिघडत नाही.

पिळून राहिलेला चोथा फेकवत नाही हो. काय करू?
– श्रीमती शां. ग., सातारा

फेकू नकाच. गाजर-बिटाचा दोन वाट्या चोथा असेल तर त्यात मावेल तेवढी थालिपिठाची भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, ओवा, तीळ, तिखट, मीठ आणि चमचाभर तेलाचं मोहन घाला. चोथा कोरडा असतो, म्हणून पाण्याऐवजी ताकाने भिजवा, म्हणजे थालिपीठ खुसखुशीत होतं आणि तव्यावर मोडत नाही. ओल्या फडक्यावर थापा, मधे बोटाने पाच भोकं पाडा, भोकांत थेंब थेंब तेल सोडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्या. दुधीचा चोथा असेल तर तो फार लवकर काळा पडतो, पिळल्यापासून अर्ध्या तासात भाजणीत मिसळा. आणि ज्याच्या चकत्या चाखल्या होत्या त्याच दुधीचा असू दे.